अग्रस्थानाचा अधिकार

धुळ्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत माझ्याकडे मेहरूणास आलें. पत्र लहान, पण प्रश्न मोठा. त्यांच्या चिरंजिवांना मोटारींच्या शर्यती पाहण्याचा नाद आहे. शर्यत असते रविवारीं. पण तिच्यांत कोणीं कोठें उभें राहावयाचें हें ठरविणारी पात्रता-फेरी शनिवारीं होते. चिरंजीव शनिवारीं पडद्यासमोर बसतात आणि 'पोल अमक्यानें घेतला, आतां उद्यां पाहावयाचें काय राहिलें?' असें म्हणून उठतात. भगिनी विचारतात, शनिवारींच निकाल लागत असेल तर रविवारची शर्यत भरवितात तरी कशाला? आणि लागत नसेल तर ह्या पोलचें एवढें स्तोम कां? पत्राच्या तळाशीं त्यांनीं आणखी एक ओळ लिहिली आहे. यंदा प्रवेश-परीक्षेंत मुलाचा क्रमांक बराच खालीं गेला, आणि तेव्हांपासून तो हेंच वाक्य स्वतःविषयींही बोलूं लागला आहे.

ती शेवटची ओळ नसती तर मीं हा विषय हातीं घेतला नसता. संस्कृतच्या मास्तरानें मोटारींविषयीं लिहावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. पण सर्वांच्या पुढें कोणीं उभें राहावें हा वाद मोटारीहून फार जुना आहे, आणि शाळेंत जन्म घालविलेल्या मनुष्याच्या तर तो रोजच्या वहिवाटींतला.

प्रथम शब्दाचा उलगडा करूं. पोल म्हणजे खांब. हा शब्द मूळचा मोटारींचा नव्हे, घोड्यांचा आहे. घोड्यांच्या शर्यतीचा मार्ग वाटोळा, आणि त्याच्या आंतल्या कडेला खुणेचे खांब रोंवलेले असत. सुरवातीस जो घोडा खांबाच्या अंगाला उभा राही त्याला वळणावर सर्वांत कमी अंतर कापावें लागे. देवळाला प्रदक्षिणा घालतांना भिंतीला लागून चालणारी आजी आणि बाहेरच्या ओवरींतून पळणारा नातू ह्यांचें जें होतें तेंच येथेंही. नातू कितीही धांवला तरी त्याचा फेरा मोठा. पुढें घोडे गेले, मोटारी आल्या, खांबही राहिले नाहींत. पण पहिल्या स्थानाचें नांव तेंच राहिलें.

फॉर्म्युला वन ह्या नांवानें ज्या शर्यती जगभर होतात त्यांत २००६ सालापासून पात्रता-फेरीचे तीन टप्पे आहेत. प्रत्येक चालक आपापल्या सवडीनें मार्गावर उतरतो आणि एक फेरी होईल तितक्या कमी वेळांत पुरी करण्याचा प्रयत्न करतो. पहिल्या दोन टप्प्यांच्या अखेरीस मंद ठरलेले चालक गळतात व त्यांचीं मागचीं स्थानें तेथेंच कायम होतात. उरलेल्या दहांमध्यें ज्याची फेरी सर्वांत वेगवान तो पोलचा मानकरी. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. रविवारीं ह्या क्रमानें मोटारी दोन ओळींत, पण किंचित् मागेंपुढें अशा उभ्या राहतात. प्रत्येक मोटार आपल्या आधींच्या क्रमांकाहून आठ मीटर मागें. म्हणजे विसावा चालक पहिल्याच्या मागें १५२ मीटर. आतां गणित करून पाहा. ताशीं तीनशें किलोमीटर वेगानें जाणारी मोटार हें अंतर दोन सेकंदांच्या आंत कापते. शर्यत चालते दीड तास. मग दोन सेकंदांसाठीं एवढा आटापिटा कां?

ह्याचें कारण असें कीं प्रश्न अंतराचा नसून अडथळ्याचा आहे. ह्या मोटारींना पुढें व मागें पंखासारख्या फळ्या बसविलेल्या असतात. विमानाचे पंख विमानाला उचलतात. ह्या फळ्या उलट्या बसविलेल्या असल्यामुळें वाऱ्याच्या जोरानें मोटारीला जमिनीशीं दाबून धरतात. त्या दाबावरच मोटार भरवेगानें वळण घेऊं शकते. पुढच्या मोटारीनें हवा घुसळून टाकली कीं मागच्या मोटारीवरचा दाब कमी होतो. ती वळणावर सरकूं लागते, तिचे टायर तापतात आणि लौकर झिजतात. खानदेशांतल्या वाचकांना हें समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. चैत्र-वैशाखांत कच्च्या रस्त्यानें गाड्यांची रांग निघाली म्हणजे पहिल्या गाडीवानाला स्वच्छ वारा मिळतो आणि मागच्या सर्वांच्या नाकांत धूळ जाते. मागचे बैल अधिक जोरकस असले तरी गाडीवान डोळे मिटूनच हांकणार! मात्र सरळ रस्त्यावर ह्याच्या उलट घडतें. पुढच्या मोटारीमागें हवेची जी पोकळी पडते तिच्यांत शिरलेल्या मोटारीला वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि ती आयती पुढें खेंचली जाते. वळणें पुष्कळ आणि रस्ता अरुंद असेल तर अग्रस्थानाचें मोल सोन्यासारखें. सरळ लांब रस्ता असेल तर तें बरेंच उतरतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां हें स्थान द्यावयाचें कोणाला? जगानें ह्याचे नाना उपाय करून पाहिले आहेत. मान पाहून क्रम लावणें हा सर्वांत जुना. राजसूयांत अग्रपूजेचा मान भीष्मांनीं श्रीकृष्णाला देवविला आणि शिशुपालानें भर सभेंत आक्षेप घेतला, ती कथा घरोघरीं ठाऊक आहे. पुण्याच्या गणेशविसर्जनांत कसब्याचा गणपति पहिला हाही मानाचाच क्रम. तेथें वेगाचा प्रश्न नाहीं, परंपरेचा आहे, आणि विसर्जनांत तें शोभतें. शर्यतींत शोभत नाहीं.

दुसरा उपाय चिठ्ठीचा. ग्रीकांच्या इलियड महाकाव्यांत पात्रोक्लसाच्या उत्तरक्रियेच्या वेळीं रथांची शर्यत होते. अकिलीस शिरस्त्राणांत खुणा घालून हलवितो आणि ज्याची खूण आधीं पडेल त्याला आधींचें स्थान मिळतें. गंमत अशी कीं डायोमिडीज ह्याची खूण सर्वांच्या शेवटीं पडते, आणि शर्यत तोच जिंकतो. मोटारी आल्यावरही चिठ्ठीची वहिवाट पुष्कळ दिवस चालली. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें १९११ सालीं पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली तेव्हां तर निराळाच मार्ग काढला होता. ज्याचा प्रवेश-अर्ज आधीं येऊन पोंचला तो आधीं उभा. मात्र ताशीं ७५ मैलांचा वेग दाखविल्यावांचून कोणास घेत नसत. चाळीस मोटारी निघाल्या आणि जिंकला तो अठ्ठाविसाव्या जागेवरून निघालेला रे हॅरून. अर्ज आधीं पोंचविण्यांत कारकुनाची तत्परता दिसते, सारथ्याची नव्हे, हें त्यावरून दिसून आलें.

तिसरा उपाय कसोटीचा, आणि युरोपांतल्या ग्रां प्री शर्यतींत तो प्रथम २३ एप्रिल १९३३ रोजीं मोनॅको येथें योजिला गेला. सरावांत ज्याची फेरी वेगवान त्याला पुढची जागा. पहिली जागा इटलीच्या अकिले वार्झीनें मिळविली आणि शर्यतही त्यानेंच जिंकली. परंतु कशी? शंभर फेऱ्यांची शर्यत. त्यांत तो आणि त्याचाच देशबंधु ताझिओ नुवोलारी एकमेकांस पुन्हां पुन्हां मागें टाकीत राहिले. आणि अखेरच्या फेरींत नुवोलारीच्या मोटारीनें पेट घेतला तेव्हां कोठें वार्झी सुटला. कसोटीनें मिळालेल्या पहिल्याच अग्रस्थानाला विजय मिळण्यासाठीं नव्याण्णव फेऱ्या वाट पाहावी लागली.

आपल्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यतींकडे ह्याच दृष्टीनें पाहिलें तर मोठी मौज दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानें ह्या शर्यती बंद पडल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलांना इजा होऊं नये ह्या अटींचें पालन किती काटेकोरपणें होतें हा निराळा विषय आहे, आणि त्याकडे डोळेझांक करूं नये असें मला वाटतें. येथें प्रश्न फक्त क्रमाचा. जुन्नर, आंबेगांव, खेड ह्या तालुक्यांत शर्यत चढाच्या वाटेवर होते, तिला घाट म्हणतात. एका वेळीं एकच गाडा सुटतो, पुढें घोडी धांवते, आणि घड्याळ निकाल देतें. म्हणजे तेथें केवळ शनिवारच आहे, रविवार नाहींच! शेजारीं कोणी नसल्यामुळें कोणी कोणाची वाट अडवीत नाहीं. विदर्भाकडच्या शंकरपटांतही जोडीची परीक्षा घड्याळावर होते. अमरावती जिल्ह्यांतल्या तळेगांव दशासरचा पट त्यासाठीं प्रसिद्ध आहे. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत मात्र अनेक गाड्या आपापल्या चाकोरींतून एकदम सुटतात. आधीं गट, त्यांतून निवडलेल्यांची उपान्त्य फेरी, मग अंतिम. पात्रता आहेच, पण कोणाच्या वाट्याला कोणती चाकोरी यावी हें चिठ्ठीनें ठरतें. एखादी चाकोरी टणक असते, एखादी भुसभुशीत. गट जिंकून आलेल्या जोरकस बैलाला वर आणखी चांगली चाकोरीही द्यावी, असें त्या शेतकऱ्यांना वाटलें नाहीं. पुढें जाण्याचा अधिकार त्यानें कमावला, पण जमिनीची अनुकूलता कमावली नाहीं, असा त्यांचा हिशेब दिसतो. तो मला विचार करण्यासारखा वाटतो.

कारण कसोटीच्या उपायांत एक खटकणारी गोष्ट आहे. ज्याला मदतीची गरज सर्वांत कमी त्यालाच आपण सर्वांत मोठी मदत देतों. वेगवान मोटारीला पुढें उभें करावयाचें, आणि मंद मोटारीला मागें उभें करून वर धूळ खावयास लावावयाचें. वर्गांत मीं असें कधीं केलें नाहीं. पुढच्या बांकावर ज्याला कमी दिसतें, कमी ऐकूं येतें किंवा ज्याचें लक्ष खिडकीबाहेर जातें तो बसे. हुषार मुलगा कोठेंही बसला तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. पण वर्ग ही शर्यत नव्हे. तेथें सर्वांनीं पोंचावयाचें असतें. शर्यतींत एकानेंच पहिलें पोंचावयाचें असतें, आणि म्हणून तेथें माझा बांकाचा नियम लागू पडत नाहीं.

तसा तो लावून पाहण्याचा प्रयत्न झालेला आहे. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर फॉर्म्युला टू नांवाची स्पर्धा आहे. तींत २०२० सालीं असा नियम होता कीं पहिल्या दिवशींच्या मोठ्या शर्यतींतले पहिले आठ चालक दुसऱ्या दिवशींच्या लहान शर्यतींत उलट्या क्रमानें उभे करावयाचे. आठवा सर्वांच्या पुढें, पहिला आठवा. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला ६ डिसेंबर २०२० रोजीं बहारीनमधील साखीर येथें अशाच उलट क्रमाच्या शर्यतींत जिंकला. ह्या स्पर्धेंत विजय मिळविणारा तो पहिला भारतीय. त्याच्या विजयाला उणेपणा नाहीं. पुढें उभें केलें तरी पुढें राहावें लागतेंच. पण नियम म्हणून मला तो पसंत नाहीं. आठव्या क्रमांकाला पांचव्याहून अधिक मोल आलें कीं मनुष्य पांचवा येण्याऐवजीं आठवा येण्याचा विचार करूं लागतो, आणि ज्या परीक्षेंत कमी गुण मिळविणें फायद्याचें ठरतें ती परीक्षा फार दिवस खरी राहत नाहीं.

कसोटीचें खरें सौंदर्य तिच्या निर्मळपणांत आहे. एकटा मनुष्य, मोकळा रस्ता आणि घड्याळ. सबब सांगावयास जागा नाहीं. त्या निर्मळपणाची कमाल १९९७ सालीं स्पेनमध्यें हेरेझ येथें झाली. वर्षाची शेवटची शर्यत, विजेतेपद तिच्यावर अवलंबून, आणि पात्रता-फेरींत जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर व हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन ह्या तिघांची वेळ एकच: एक मिनिट २१.०७२ सेकंद. हजारावा भागही तिघांचा सारखा. तेव्हां ती वेळ ज्यानें आधीं नोंदविली त्याला पहिलें स्थान, ह्या नियमानें व्हिलनव्ह पुढें उभा राहिला. प्रवेश-परीक्षेंत एकाच गुणावर कित्येक मुलें येतात व त्यांच्यांत वर-खालीं लावण्यासाठीं कांहींतरी नियम करावा लागतो, तसेंच हें. तेथें दुसरा आणि तिसरा आलेला मंद होता असें कोणी म्हणूं शकेल काय?

निर्मळ वस्तूला डाग लवकर लागतो हेंही खरें. ह्याच शूमाकरनें २००६ सालीं मोनॅकोंत पोल हातीं असतांना शेवटच्या क्षणीं एका वळणावर आपली मोटार थांबविली. मागून येणाऱ्यांची फेरी त्यामुळें बिघडली. पंचांनीं तें जाणूनबुजून केलेलें ठरविलें, त्याची वेळ रद्द केली आणि त्याला सर्वांच्या मागें पाठविलें. दुसऱ्या दिवशीं तो शेवटून निघून पांचवा आला. म्हणजे मागून येण्याची त्याची शक्ति होती. नव्हता तो फक्त धीर. आणि पोलची किंमत केवळ क्रमांकानें ठरत नाहीं, जागेनेंही ठरते, हें १९९० सालीं जपानांत सुझुका येथें दिसलें. पुष्कळ मोटारी ज्या पट्ट्यावरून जातात तेथें टायरांचें रबर बसून पकड येते; दुसऱ्या बाजूस धूळ राहते. आयर्टन सेनानें पोल मिळविला, पण पोलची जागा धुळीच्या बाजूस होती. त्यानें बाजू बदलून मागितली, ती मिळाली नाहीं. दुसऱ्या जागेवरचा आलँ प्रॉस्त चांगल्या बाजूनें पुढें सरकला आणि पहिल्याच वळणावर सेनानें त्याला धडक दिली. दोघेही बाद. सेनाचें म्हणणें रास्त होतें. त्यानें केलें तें रास्त नव्हतें.

शास्त्री मंडळींत जसा एका शब्दाच्या अर्थावरून वाद माजतो तसा 'पोल कोणाचा' ह्यावरूनही एकदां माजला. २०२१ सालीं कांहीं ठिकाणीं शनिवारीं एक लहान शर्यत ठेवून तिच्या विजेत्यालाच पोलचा मानकरी म्हणावें असा नियम केला. जुन्या जाणत्यांना तो रुचला नाहीं. शर्यत जिंकणें निराळें आणि एकट्यानें सर्वांत वेगवान फेरी काढणें निराळें, असें त्यांचें म्हणणें. आणि २०२२ पासून पुन्हां वेगवान फेरीवाल्याचेंच नांव पोलपुढें लिहूं लागले. मला वाटतें जाणत्यांचेंच बरोबर होतें.

चिरंजिवांचा मूळ आक्षेप अजून उभाच आहे. शनिवारीं ठरलें म्हणजे ठरलें काय? त्यांच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, आणि तोही आपल्याच देशांतला. दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथें २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन वर्षीं फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तिन्ही वेळां पोल जर्मनीच्या सेबास्तियन फेटेलनें घेतला आणि तिन्ही वेळां तोच जिंकला. पहिल्या वर्षीं तर साठच्या साठ फेऱ्या तो सर्वांच्या पुढें होता. ज्यांनीं शनिवारीं पाहून रविवारीं झोंप काढली त्यांचें फारसें कांहीं बुडालें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

पण आतां मोनॅकोला चला. जेथें रस्ता सर्वांत अरुंद आणि म्हणून अग्रस्थान सर्वांत बळकट. १९८८ सालीं ह्याच सेनानें आपल्याच संघाच्या, आपल्यासारखीच मोटार चालविणाऱ्या प्रॉस्तला १.४२७ सेकंदांनीं मागें टाकून पोल घेतला. जेथें हजाराव्या भागानें फरक पडतो तेथें हें अंतर म्हणजे कोसाचें. रविवारीं अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांपैकीं सहासष्ट फेऱ्या तो पुढें. मागें दृष्टीच्या टप्प्यांतही कोणी नाहीं. सदुसष्टाव्या फेरींत त्याची मोटार कठड्यावर आदळली. शर्यत प्रॉस्तनें जिंकली, आणि सेना उतरून जवळच असलेल्या आपल्या घरीं चालत निघून गेला.

ह्याहूनही मला न्यूझीलंडच्या क्रिस एमनची कथा अधिक लागते. विश्वविजेतेपदाच्या शर्यतींत त्यानें पांच वेळां पोल मिळविला, आणि त्यांतली एकही शर्यत तो आयुष्यांत जिंकला नाहीं. १९७१ सालीं इटलींत मोंझा येथें तो पहिल्या जागेवरून निघाला. शेवटीं शेवटीं आघाडीवर असतांना डोळ्यांपुढच्या कांचेवरचा मळका पापुद्रा सोलून टाकावा म्हणून त्यानें हात घातला, तों सबंध कांचच निघून आली. वारा थेट डोळ्यांवर. तो मागें पडत गेला. मोंझाचा मार्ग लांब आणि सरळ. पांच मोटारी एकमेकींच्या पोकळींत शिरून पुढें-मागें होत एका सेकंदाच्या आंत शेवटची रेघ ओलांडून गेल्या, आणि अकराव्या जागेवरून निघालेला पीटर गेथिन एक शतांश सेकंदानें पहिला आला. एमनला मंद कोण म्हणेल? त्याचे पांचही शनिवार खरे होते. आणि १९८३ सालीं अमेरिकेंत लाँग बीच येथें बाविसाव्या जागेवरून निघून जॉन वॉट्सन पहिला आला, तेविसाव्यावरून निघून निकी लाउडा दुसरा आला. त्यांचे रविवारही तितकेच खरे.

मोनॅको आणि मोंझा ह्या दोन नांवांतच सर्व उत्तर आहे असें मला वाटतें. अग्रस्थान कमावलेलें असलें म्हणजे तें न्यायाचें झालें, एवढ्यावर पुष्कळांचें समाधान होतें. माझें होत नाहीं. तें कमावलेलें असावें हें खरेंच; पण मागच्याला पुढें येण्याइतका रस्ता रुंदही असावा. मोनॅकोंत कसोटी चोख आहे. पण तिचा निकाल बदलावयास रस्ताच नाहीं, म्हणून तेथें शनिवार रविवारला गिळून टाकतो. सेनाला तेथें दुसऱ्या कोणी नव्हे, कठड्यानेंच हरविलें. मोंझाला कसोटी तीच, पण रस्ता निराळा.

आमच्या पूर्वजांनीं ही गोष्ट फार सुंदर रीतीनें सांगून ठेविली आहे. ऐतरेय ब्राह्मणांत सोमराजा आणि सूर्या ह्यांच्या विवाहाचा प्रसंग आहे. प्रजापतीनें त्या वेळीं जें सहस्र ऋचांचें शस्त्र दिलें तें कोणाचें, ह्यावरून देवांत भांडण लागलें. तेव्हां शर्यत लावून ठरवूं असें ठरलें. शेवटची खूण, म्हणजे काष्ठा, आदित्याची. अग्नि सर्वांच्या आधीं निघाला, खेंचरींच्या रथांत बसून. उषा तांबड्या गाईंच्या रथांतून, इंद्र घोड्यांच्या. अश्विनीकुमारांच्या रथाला गाढवें. ते मागून आले आणि अग्नीला म्हणाले, बाजूला हो, हें आम्ही जिंकूं. अग्नि म्हणाला, बरें, पण मलाही ह्यांत वांटा हवा. त्यांनीं तो कबूल केला आणि अग्नि बाजूला झाला. पुढें उषेजवळ आणि इंद्राजवळ हाच प्रकार झाला. गाढवांचा रथ जिंकला. त्या शस्त्राला नांव मिळालें आश्विनशस्त्र, कारण जिंकले अश्विन; पण त्याचा आरंभ अग्नीच्या ऋचांनीं करतात, कारण निघाला तो पहिला. पहिल्या स्थानाचा मान बुडाला नाहीं, आणि मागून येणाऱ्याचा विजयही अडला नाहीं. आजच्या नियम करणाऱ्यांना ह्याहून चांगली तोड अजून सुचलेली नाहीं.

तेव्हां धुळ्याच्या भगिनींना माझें उत्तर असें. शनिवारीं निकाल लागतो, पण तो शनिवारचा. चिरंजिवांना प्रवेश-परीक्षेचा क्रमांक मिळाला तोही एका सकाळीं, एका खोलींत, घड्याळापुढें त्यांनीं काय केलें ह्याचा. तो खोटा मानूं नये. क्रमांक खालीं आला म्हणजे ह्या वर्षीं हवें तें महाविद्यालय मिळणार नाहीं, आणि आठ-आठ मीटरांचीं हीं अंतरें खरींखुरीं असतात. मात्र पुढचा रस्ता मोनॅकोचा आहे कीं मोंझाचा, हें त्यांनीं आणि आपण मिळून पाहावें. कांहीं विद्या अशा आहेत कीं तेथें सतराव्या वर्षीं मिळालेली जागा जन्मभर सुटत नाहीं. पुष्कळ अशा आहेत कीं तेथें तिची कोणी आठवणही ठेवीत नाहीं. विद्याशाखा निवडतांना पालक पगाराची चौकशी करतात, ही करीत नाहींत.

पात्रता-फेरीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती मीं मुद्दाम शेवटीं ठेविली होती. ह्या शर्यतींत एक १०७ टक्क्यांचा नियम आहे. पात्रता-फेरीच्या पहिल्या टप्प्यांत सर्वांत वेगवान चालकाला नव्वद सेकंद लागले असतील तर ९६.३ सेकंदांच्या आंत ज्याची फेरी होणार नाहीं त्याला रविवारीं शेवटची जागाही मिळत नाहीं. पंचांनीं खास परवानगी दिली तरच. २०११ सालीं हा नियम पुन्हां सुरू झाला आणि पहिल्याच शर्यतींत, ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें, तो कोइंबतूरच्या नारायण कार्तिकेयनला लागला. फॉर्म्युला वनमध्यें शर्यत धांवलेला पहिला भारतीय तोच, २००५ सालचा. त्याचा स्पॅनिश संघ दुबळा होता. दोन्ही मोटारी गळल्या. वर्षाच्या मध्यावर त्याची जागाही दुसऱ्या चालकाला दिली गेली. पण ऑक्टोबरांत भारतांतली पहिली शर्यत आली तेव्हां संघानें त्याला पुन्हां बोलाविलें. ३० ऑक्टोबर २०११ रोजीं नोइडाला फेटेल पुढें एकटाच धांवत होता, आणि मागें, ज्याच्याकडे फारसें कोणी पाहत नव्हतें त्या भागांत, कार्तिकेयननें आपली मोटार अखेरपर्यंत नेली व सतरावें स्थान मिळविलें. पुढच्या मार्चमध्यें तो पुन्हां मेलबर्नला गेला, आणि पुन्हां शनिवारींच गळला. तरी तें वर्ष त्यानें त्याच संघाकडून पुरें केलें.